ग्लोव्ह्ज टाका, ठोसे मारा, पाच मिनिटं बसा: आइस हॉकीतल्या मारामारीचं गणित

फेब्रुवारी २०२५ मधली गोष्ट आहे. रविवारी सकाळी पोहे करत होते आणि फॅमिली ग्रुपवर एकच व्हिडिओ तीन वेगवेगळ्या नातेवाइकांनी टाकला. माँट्रियलमध्ये अमेरिका विरुद्ध कॅनडा आइस हॉकीची मॅच, रेफरीनं पक खाली टाकला, आणि दोन सेकंदांत दोघं जण एकमेकांना बुक्के मारायला लागले. ते दोघं बाहेर जाऊन खेळ परत सुरू केला तर एका सेकंदात दुसरी जोडी भिडली. परत सुरू केला तर तिसरी. घड्याळात नऊ सेकंद झालेले आणि तीन मारामाऱ्या! अमेरिकेकडून मॅथ्यू आणि ब्रेडी हे टकाचुक बंधू आणि जे. टी. मिलर, समोर कॅनडाचे हेगल, बेनेट आणि परेको. त्या वेळी ट्रम्प यांचं टॅरिफ आणि कॅनडाला अमेरिकेचं 'एक्कावन्नावं राज्य' करू वगैरे बोलणं यामुळे दोन देशांत आधीच तापलेलं होतं, मॅचआधी अमेरिकेच्या राष्ट्रगीताला लोकांनी हुर्यो उडवली होती, त्यामुळे स्टेडियम नुसतं पेटलेलं.

ग्रुपवर काकांचा प्रश्न आला, "अगं हे हॉकी आहे का कुस्ती? आणि तो पट्टेवाला रेफरी नुसता बघत काय उभा आहे?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. मी उत्तर टाइप करायला घेतलं आणि ते इतकं लांबत गेलं की शेवटी म्हटलं नीट लिहूनच काढू. माझा मावसभाऊ कॅनडात मिसिसॉगाला असतो, त्याचा मुलगा तिकडे हॉकी खेळतो, त्यामुळे हा विषय आमच्या घरी दर हिवाळ्यात निघतोच.

आधी खेळ कसा आहे ते

आपण हॉकी म्हटलं की ध्यानचंद आठवतात. ही ती नाही. ही बर्फावरची, पायात स्केट्स, हातात काठी, आणि बॉलच्या जागी रबराची चपटी जड चकती जिला पक म्हणतात. वजन साधारण १७० ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या बॉलपेक्षा थोडी जास्तच, आणि चांगल्या खेळाडूनं मारली की ताशी दीडशे किलोमीटरच्या वर जाते. मैदान २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद, चारी बाजूंनी लाकडी-प्लास्टिकच्या भिंती, त्यामुळे बॉल बाहेर गेला वगैरे भानगड फारशी नाही आणि पळून जायला जागाही नाही. एका वेळी एका टीमचे पाच खेळाडू आणि एक गोलकीपर. पाऊण-एक मिनिट जीव तोडून पळायचं की बाहेर, दुसरे आत.

यात धक्का मारणं नियमात बसतं. ज्याच्याकडे पक आहे त्याला खांद्यानं, अंगानं धडक द्यायची, याला चेक म्हणतात. ही मारामारी नव्हे, हा खेळाचाच भाग. आपल्याकडे कबड्डीत रेडरला चौघं मिळून धरून आपटतात ते जसं कायदेशीर आहे तसं. आता दहा जण धारदार स्केट्स घालून, हातात काठ्या घेऊन, बंद खोक्यात मोटारसायकलच्या वेगानं एकमेकांवर आदळतायत म्हटल्यावर टाळकी सटकणार हे ओघानंच आलं. लोकल ट्रेनमध्ये चौथ्या सीटवरून होतं तिथे हे काय घेऊन बसलात.

पण टाळकं सटकणं वेगळं आणि त्यासाठी नियमपुस्तकात सोय करून ठेवणं वेगळं. खरा विषय तिथे सुरू होतो.

परवानगी आहे की बंदी आहे?

दोन्ही नाही. मारामारीला किंमत लावून ठेवलीय.

उत्तर अमेरिकेतली सगळ्यात मोठी लीग म्हणजे नॅशनल हॉकी लीग, पुढे एनएचएल म्हणते. तिच्या नियमपुस्तकात मारामारीसाठी ४६ नंबरचा अख्खा नियम आहे. मारामारी केली की पाच मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये बसायचं, म्हणजे कडेला काचेच्या खोलीत, वर्गाबाहेर उभं केल्यासारखं. पाच मिनिटं झाली की परत खेळायला मोकळा.

तुम्ही म्हणाल, बरोबर आहे की, शिक्षा आहेच. इथे थोडं थांबा कारण सगळी मेख इथेच आहे. हॉकीत शिक्षेचा खरा चटका कसा बसतो? माझा खेळाडू बॉक्समध्ये गेला की माझी टीम चौघांवर येते आणि समोरचे पाच राहतात, याला पॉवर प्ले म्हणतात, आणि त्यात गोल खायची भीती चांगलीच वाढते. कुणाच्या पायात काठी घालून पाडलं तर टीमला दोन मिनिटं हा त्रास भोगावा लागतो. पण मारामारीत दोघंही जातात! दोघांनाही पाच-पाच मिनिटं, हिशोब फिटला, दोन्ही टीम बदली खेळाडू पाठवतात आणि खेळ पाचाला पाच तसाच चालू. म्हणजे पायात काठी घातली तर टीमचं नुकसान, आणि तोंडावर दहा बुक्के मारले तर टीमला शून्य रुपये शून्य पैसे.

नो पार्किंगमध्ये गाडी लावून "दंड होईल ना, भरू" म्हणणारे लोक असतात ना, तसं आहे हे. दंड एवढा कमी असला की तो दंड राहत नाही, पार्किंगचं भाडं होतं.

मग रेफरी बघत का उभा राहतो

काकांच्या प्रश्नाचं हे उत्तर. काठ्या आणि जाडजूड हातमोजे खाली टाकले म्हणजे दोघांनी एकमेकांना "हो, चल" सांगितलं. मग एका हातानं समोरच्याची जर्सी धरायची (बर्फावर पाय घसरतात, धरल्याशिवाय ठोसाच बसत नाही) आणि दुसऱ्या हातानं मारायचं. लाइन्समन, म्हणजे रेफरीचे मदतनीस, कोणीतरी खाली पडेपर्यंत किंवा दोघं दमेपर्यंत साधारण मधे पडत नाहीत. स्केट्सच्या पात्या चालू असताना मधे घुसलं तर त्यांनाच लागायचं.

त्यात एक अलिखित आचारसंहिता पण आहे, तिकडे तिला नुसतं 'कोड' म्हणतात. पडलेल्याला मारायचं नाही. पाठीमागून मारायचं नाही. जो भांडायला तयार नाही, विशेषतः टीमचा हुशार गोल करणारा पोरगा, त्याला हात लावायचा नाही. झाल्यावर बरेचदा एकमेकांच्या पाठीवर थाप मारून जातात, आणि हे मी स्वतः टीव्हीवर बघितलंय, नाकातून रक्त वाहतंय आणि थाप मारतोय.

लिखित नियमही वर्षानुवर्षं वाढत गेले. १९७१ पासून चालू भांडणात तिसरा घुसला तर तो मॅचबाहेर. १९८७ पासून बेंचवरून भांडायला पहिला जो उतरेल त्याला १० मॅचची बंदी, त्याआधी अख्ख्या टीमच्या टीम मैदानात उतरून दंगल करायच्या. १९९२ पासून ज्यानं उगाच भांडण उकरून काढलं त्याला जास्तीची शिक्षा. २०१३ पासून भांडायच्या आधी स्वतःचं हेल्मेट काढलं तर वेगळी दोन मिनिटं. म्हणजे बघा, शंभर वर्षं ही मंडळी भांडणाच्या कडा घासून गुळगुळीत करतायत, मधला भांडणाचा गोळा मात्र जिथल्या तिथे. तो गोळा नियमात आला १९२२ साली. तेव्हाच ठरलं की मारामारी केली म्हणून हाकलायचं नाही, पाच मिनिटं बसवायचं.

राखणदार

आता आपण जरा कामाचं माणूस बघू. प्रत्येक टीममध्ये पूर्वी एक जण असायचा ज्याचं काम गोल करणं नव्हतं. इंग्रजीत त्याला एनफोर्सर म्हणतात, मी कोकणातल्यासारखं राखणदार म्हणणार. आमच्या पोराला कोणी वाकडा धक्का मारला तर गाठ माझ्याशी आहे, एवढंच त्याचं खातं.

वेन ग्रेत्झकी हे नाव हॉकीत सचिनसारखं. अंगानं किरकोळ, पण डोक्यानं अफाट. एडमंटनला असताना त्याच्या आसपास डेव्ह सेमेंको आणि मार्टी मॅक्सॉर्ली असायचे, आणि १९८८ ला ग्रेत्झकी लॉस एंजेलिसला गेला तेव्हा मॅक्सॉर्लीही त्याच सौद्यात त्याच्याबरोबर गेला. हिरा घेतला तर सोबत कुलूपही घेतलं.

त्याआधी फिलाडेल्फिया फ्लायर्सनं दाखवून दिलं होतं की दहशतीवर कप जिंकता येतो. १९७४ आणि १९७५ असे लागोपाठ दोन स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद. त्यांचा डेव्ह शुल्ट्झ १९७४-७५ च्या एका सीझनमध्ये ४७२ मिनिटांच्या शिक्षा खाऊन बसला, जवळजवळ आठ तास, आणि तो रेकॉर्ड अजून कोणी मोडलेला नाही. इतर टीमवाल्यांनी ते पाहिलं आणि सगळ्यांनी आपापले राखणदार नेमायला सुरुवात केली. एका सोसायटीनं वॉचमन ठेवला की शेजारच्या सोसायटीला पण लागतोच, तसं.

"मारामारी आहे म्हणून खेळ सुरक्षित आहे"

मारामारी ठेवा म्हणणाऱ्यांचा हा सगळ्यात वजनदार मुद्दा, आणि हसण्यावारी नेऊ नका. ते म्हणतात रेफरीला सगळं दिसत नाही. काठीचं टोक बरगडीत खुपसणं, पाठीमागून भिंतीवर आपटणं, असले घाणेरडे प्रकार करणाऱ्याला माहीत पाहिजे की याचा हिशोब पाच मिनिटांत समोरासमोर होणार आहे. मग तो करणार नाही. आणि राग साठत गेला की काठ्या चालतील, त्यापेक्षा दोन बुक्के बरे. कुकरची शिट्टी झाली म्हणजे कुकर फुटत नाही.

ऐकायला पटतं. मलापण बरीच वर्षं पटायचं.

मग मी व्हँकूवरची ८ मार्च २००४ ची गोष्ट वाचली. त्याच्या तीन आठवडे आधी, १६ फेब्रुवारीला, कोलोरॅडोच्या स्टीव्ह मूरनं व्हँकूवरच्या कॅप्टनला, मार्कुस नासलुंडला धडक मारली. नासलुंडच्या डोक्याला मार लागला, रेफरीनं शिक्षा दिली नाही. व्हँकूवरवाले खवळले, बदल्याची भाषा उघड उघड सुरू झाली. ८ मार्चला दोन्ही टीम समोरासमोर आल्या आणि पहिल्याच सत्रात व्हँकूवरच्या मॅट कुकनं मूरला आव्हान दिलं. मूर पळाला नाही. भांडला, पाच मिनिटं बसला, उठला. कोडप्रमाणे हिशोब इथे संपला, बरोबर? शिट्टी झाली.

नाही संपला. तिसऱ्या सत्रात कोलोरॅडो ८-२ नं पुढे असताना व्हँकूवरचा टॉड बर्टुझी मूरच्या मागे मागे फिरत राहिला, जर्सी ओढली, मूर वळला नाही, तेव्हा पाठीमागून डोक्याच्या बाजूला ठोसा मारला आणि त्याला खाली बर्फावर दाबत स्वतः वर पडला. मानेचे तीन मणके मोडले. मूर तेव्हा २५ वर्षांचा होता, परत कधीच खेळला नाही. बर्टुझीनं कोर्टात गुन्हा कबूल केला, तुरुंगात जावं लागलं नाही, १७ महिन्यांच्या बंदीनंतर परत खेळायला लागला. मूरनं केलेला दावा २०१४ मध्ये तडजोडीनं मिटला, म्हणजे दहा वर्षांनी.

मला यातलं जे खटकतं ते असं, की इथे कोड मोडलाय असं म्हणून सुटता येत नाही. बदला घ्यायचाच असतो हे सगळ्यांनी आधीच मान्य केलेलं होतं, मग किती घेतला की पुरे हे ज्याचं त्यानं ठरवायचं. रेफरीनं शिक्षा द्यायच्या ऐवजी खेळाडूंनी द्यायची असं म्हटलं की अपील कुठे करणार? आणि राखणदारामुळे कोणी घाबरतं म्हणावं तर त्यातला एकही प्रकार, धडक, आव्हान, मागून ठोसा, कोणाच्या भीतीनं थांबलेला दिसत नाही.

आणखी एक साधी गोष्ट. सीझन संपल्यावर प्लेऑफ असतात, तिथे हरलात की घरी. सगळ्यात जास्त ताण, सगळ्यात जास्त धक्काबुक्की, आणि मारामाऱ्या मात्र एकदम कमी होतात. मारामारीनं खरंच टीमचं रक्षण होत असेल तर ज्या मॅचमध्ये सगळ्यात जास्त गरज आहे तिथेच प्रशिक्षक ती कपाटात का ठेवतात?

हिशोब कोण चुकता करतं

टीमला शून्य रुपये खर्च येतो असं मी वर लिहिलं, पण खर्च कुठेतरी निघतोच.

डेरेक बुगार्ड. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातला पोलिसाचा मुलगा, उंची साडेसहा फुटांच्या वर, वजन सव्वाशे किलोच्या आसपास. लहानपणापासून आडदांड, स्केटिंग यथातथा. पंधरा-सोळाचा असताना एका मॅचमध्ये चिडून तो थेट समोरच्या टीमच्या बेंचवर घुसला आणि दिसेल त्याला मारत सुटला. बघायला आलेल्या स्काउट लोकांना, म्हणजे टीमसाठी नवीन पोरं हेरणाऱ्यांना, ते आवडलं. हे परत वाचा हवं तर. एका पोराचा तोल गेला आणि त्यावरून त्याला नोकरी मिळाली.

तिथून तो एनएचएलमध्ये मिनेसोटाकडे पोचला. २००६ मध्ये त्यानं टॉड फेडोरक नावाच्या दुसऱ्या राखणदाराच्या गालाचं हाड असं मोडलं की आत धातूच्या पट्ट्या घालाव्या लागल्या, आणि पुढच्याच सीझनला तोच फेडोरक बुगार्डच्याच टीममध्ये खेळायला आला. म्हणजे यात वैर नव्हतं, धंदा होता. बुगार्ड एनएचएलमध्ये २७७ मॅच खेळला, गोल केले ३. मधे सलग २३४ मॅच एकही गोल नाही. लोक त्याच्यावर जीव टाकायचे पण. २०१० मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सनं त्याला चार वर्षांसाठी ६५ लाख डॉलरचा करार दिला, त्याच डिसेंबरमध्ये ओटावाविरुद्धच्या मारामारीत डोक्याला मार लागला, आणि तो परत मैदानात उतरला नाही. हात सुजलेले, पाठ गेलेली, वेदनाशामक गोळ्यांची सवय आधीपासून होतीच. १३ मे २०११ ला दारू आणि गोळ्यांच्या मिश्रणानं तो गेला. वय २८.

त्याच उन्हाळ्यात, ऑगस्टमध्ये, रिक रिपियन (२७) आणि वेड बेलाक (३५) हेही गेले. दोघंही असेच भांडणारे. चार महिन्यांत तीन.

डोक्याच्या आत काय होतं

मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो, पातळ द्रवात तरंगत असतो. दह्याचा डबा पिशवीत घालून रिक्षानं आणलात तर डबा शाबूत दिसतो आणि उघडल्यावर आत दही मोडलेलं असतं, साधारण तसलं काहीतरी. हेल्मेटमुळे डबा फुटत नाही, आतलं हलणं थांबत नाही. असे हादरे वर्षानुवर्षं बसत राहिले की काहींच्या मेंदूत ताऊ नावाचं प्रथिन नको त्या पद्धतीनं साठतं आणि पेशी मरत जातात. या आजाराला सीटीई म्हणतात. विसरभोळेपणा, नैराश्य, अचानक संताप, पुढे स्मृतिभ्रंश. आणि खात्रीनं निदान फक्त मेल्यावर, मेंदू कापून बघितल्यावर होतं. बुगार्डचा मेंदू बोस्टन युनिव्हर्सिटीत तपासला, २८ व्या वर्षी त्यात सीटीई सापडला. त्याआधी बॉब प्रोबर्ट, हॉकीतला सगळ्यात गाजलेला भांडखोर, ४५ व्या वर्षी हृदयविकारानं गेला, त्याच्या मेंदूतही तेच.

२०२३ मध्ये 'जामा नेटवर्क ओपन' या मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला, १९६७ पासूनच्या एनएचएल खेळाडूंचा. भांडणारे खेळाडू आणि त्यांच्याच वयाचे, तेवढेच खेळलेले न भांडणारे खेळाडू अशी तुलना. मृतांची संख्या दोन्हीकडे फार वेगळी नव्हती, पण भांडणारे सरासरी १० वर्षं आधी गेले, आणि त्यांच्यात आत्महत्या, ड्रग्ज ओव्हरडोस असली कारणं जास्त.

लीगचं म्हणणं वेगळं आहे. कमिशनर गॅरी बेटमन यांनी २०१९ मध्ये कॅनडाच्या संसदेच्या समितीपुढे सांगितलं की हॉकी आणि सीटीई यांचा संबंध पक्का सिद्ध झालेला नाही. त्याआधी २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये माजी खेळाडूंच्या दाव्यात लीगनं १ कोटी ८९ लाख डॉलरवर तडजोड केली होती, चूक मान्य न करता. तीनशेच्या वर खेळाडूंमध्ये वाटून प्रत्येकाच्या वाट्याला काय आलं असेल ते तुम्हीच भागून बघा.

आता प्रामाणिकपणे हेही सांगायला पाहिजे की हॉकीत डोक्याला लागणारा मार बहुतांशी धडकांमुळे लागतो, मारामारीमुळे कमी. मारामारी उद्या बंद केली तरी हा प्रश्न राहणार. पण धडक काढली तर खेळच बदलतो. मारामारी काढली तर काय बदलतं? मारामारीच्या वेळी घड्याळ बंद असतं हो! खेळ थांबवून जी गोष्ट करायला लागते ती खेळाचा भाग आहे म्हणणं मला जरा जडच जातं.

"पण खेळाडू स्वतःहून भांडतात, कोणी जबरदस्ती केलीय का?"

हो, स्वतःहून. बहुसंख्य खेळाडूंनाही मारामारी राहावी असंच वाटतं. पण बुगार्डसारख्याला दुसरा रस्ता कुठला होता? भांडला नसता तर टीममध्ये घेतलाच नसता. दहीहंडीच्या वेळी आपण हेच ऐकलंय, पोरं हौसेनं वर चढतात, परंपरा आहे, तुम्ही कोण सांगणारे. तरी १४ वर्षांखालच्या पोरांना चढवायचं नाही असं ठरलंच ना, आणि दहीहंडी काही बंद पडली नाही. हौस आहे म्हणून पडल्यावर लागायचं राहत नाही.

"लोकांना तेच बघायला आवडतं"

आवडतं. खोटं कशाला बोलायचं. २०२४ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सचा मॅट रेम्पी नावाचा ताडमाड पोरगा आला, पहिल्याच मॅचमध्ये पहिल्या काही सेकंदांत भांडला आणि रातोरात हिरो झाला. पण याची दुसरी बाजू बघा. २००८-०९ च्या सीझनमध्ये एनएचएलमध्ये सातशेच्या वर मारामाऱ्या झाल्या होत्या. हल्ली तीनशेच्या आसपास होतात, तेही टीम वाढून मॅच वाढलेल्या असताना. निम्म्याहून कमी! त्यामुळे स्टेडियम ओस पडली असं काही झालं नाही.

आणि हे कोणी बंदी घालून केलं नाही. २००५ मध्ये लीगनं पगारावर मर्यादा आणली आणि लांब पास मारायला मोकळीक देऊन खेळ पळता केला. मग जो माणूस मॅचमध्ये चार मिनिटं खेळतो आणि त्यातही स्केटिंगला कच्चा आहे, त्याला पगार आणि जागा दोन्ही देणं परवडेना. राखणदार आपोआप नोकरीवरून गेले. बरं, राखणदार गेल्यावर काठ्या चालायला पाहिजे होत्या ना, कुकर फुटायला पाहिजे होता? काही फुटलं नाही. उलट खेळ जास्त वेगवान झाला आणि छोट्या चणीची पोरं आता रांगेनं गोल करतायत.

"मग आपोआपच कमी होतंय, नियम कशाला बदलायचा?"

हा आक्षेप मला सगळ्यात आवडतो कारण याला पटकन उत्तर नाही. तरी माझं म्हणणं असं आहे. मोठे राखणदार गेले, पण भांडायचं काम आता कोण करतं? साधे खेळाडू. धडक अगदी नियमात बसणारी असली तरी हल्ली लगेच समोरच्याचा सहकारी येऊन ग्लोव्ह्ज टाकतो, आणि मग ज्याचं काही चुकलं नाही त्याला भांडावं लागतं. म्हणजे प्रमाण कमी झालं तरी ठरलेली किंमत तीच, पाच मिनिटं. आणि एक वाईट पडणं पुरतं. २००८ च्या डिसेंबरमध्ये ओंटारियोतल्या एका छोट्या लीगमध्ये डॉन सँडरसन हा २१ वर्षांचा मुलगा भांडताना पडला, हेल्मेट निघालेलं होतं, डोकं बर्फावर आपटलं. २ जानेवारी २००९ ला गेला. तो पैशासाठी खेळत नव्हता, कोणी स्काउट बघत नव्हता. टीव्हीवर मोठे जसं करतात तसं तोही करत होता.

म्हणून बाहेर काढा. मारामारी केली की उरलेल्या मॅचमधून बाहेर, बस. ही काही माझी भन्नाट आयडिया नाही, ऑलिम्पिकमध्ये आणि जगातल्या आंतरराष्ट्रीय मॅचेसमध्ये हेच आहे. अमेरिकन कॉलेज हॉकीत तर पुढच्या मॅचलाही बसवतात. एनएचएलचे हेच खेळाडू १९९८ ते २०१४ अशी पाच ऑलिम्पिक खेळले, २०१० ची व्हँकूवरची फायनल आठवा, क्रॉसबीचा ओव्हरटाइममधला गोल, कॅनडात आजही लोक सांगतात त्या वेळी आपण कुठे होतो ते. मारामारीवाचून कोणाचं काय अडलं? ओंटारियोच्या ज्युनियर लीगनं २०१२ मध्ये सीझनला १० मारामाऱ्यांची मर्यादा आणली, २०१६ मध्ये ती ३ वर आणली. क्वेबेकच्या ज्युनियर लीगनं २०२३-२४ पासून सरळ बाहेर काढायलाच सुरुवात केली, तिथे खेळणारी पोरं १६ ते २० वर्षांची, बरीचशी शाळा-कॉलेजातली.

राग येणं बंद होणार नाही, कधीतरी कोणीतरी भांडेलच. क्रिकेटमध्येही बॅट उगारलेली आपण बघितलीय. फक्त प्रशिक्षकाच्या डोक्यात गणित उलटं व्हायला हवं. आज तो म्हणतो, जा, भांड, पाच मिनिटांत परत येशील. उद्या त्याला म्हणावं लागेल, अरे तू गेलास तर माझ्याकडे एक माणूस कमी.

माझा बारा वर्षांचा भाचा मिसिसॉगाला ज्या लीगमध्ये खेळतो तिथे भांडलं की घरी जावं लागतं, आणि २०१३ पासून त्याच्या वयाला धडक मारायलाही बंदी आहे. व्हिडिओ कॉलवर मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "आत्या, आमच्यात कोणी भांडतच नाही, मॅच सुटते ना." आणि लगेच त्या नऊ सेकंदांत कोण कोणाला कसं भिडलं ते त्यानं हातवारे करून सगळं करून दाखवलं, मागून त्याची आई ओरडत होती दिवा फुटेल म्हणून.

हा लेख मावसभावाला आधी वाचायला पाठवला होता. त्याचा रिप्लाय आला, "सगळं पटलं. पण खरं सांगू का, त्या रात्री मी सोफ्यावर उभा राहून ओरडत होतो."

मी पण ते रील तीनदा बघितलं होतं. पोहे लागले खाली.